त्या प्रोजेक्टचा लाँच हुकला, आता दुसरा फ्लॅट कसा शोधायचा? (सोलापूरवाल्यांसाठी)

दसऱ्याला विजापूर रोडच्या बाजूला एका प्रोजेक्टचा लाँच होता. नाव सांगत नाही. घरची पूजा आटपून, आपटा वाटून मी आणि दाजी साडेअकराला पोचलो तर मांडवात मठ्ठ्याचे रिकामे ग्लास लोळायलेले आणि आत साईट ऑफिसच्या भिंतीवर मोठा चार्ट, त्यावर लाल टिकल्याच टिकल्या, गोवर आल्यासारखा. आम्हाला पाहिजे होता पूर्वेकडचा टू बीएचके, दुसरा ते पाचवा मजला, ते सगळं लाल. सेल्सचा पोरगा म्हणाला, सर सातव्यावर पश्चिमेचा एक आहे पण तो पण अर्ध्या तासात जाईल. दाजी म्हणाले घेऊन टाक. मी नाही घेतला, पण त्याचं श्रेय हुशारीला नाही, चेकबुक घरी राहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मात्र मी दुसऱ्या एका ठिकाणी ५१ हजार द्यायला निघालो होतो. प्रोजेक्टला रेरा नंबर (बिल्डरांसाठीच्या रेरा कायद्याखालची सरकारी नोंदणी) नाही, जागेवर फक्त पत्र्याचं कंपाउंड, आणि मी पैसे द्यायला तयार. का? तर पहिला हुकला होता म्हणून. डोक्यात तेवढंच चालू होतं. त्यानंतर दीड महिना फिरलो, बारा साईट बघितल्या, चपला झिजल्या, आणि जे कळलं ते इथं पायरीपायरीने लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिली पायरी : पंधरा दिवस कुठेही टोकन द्यायचं नाही

लाँचला तुम्ही रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहिला ना, तो नंबर आता फक्त त्या बिल्डरकडे नाही. दुसऱ्या दिवसापासून एजंटांचे फोन चालू होतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "सर तिथं मिळाला नाही ना, मग हा बघा, सेम लोकेशन, रेट कमी." त्यांना पक्कं माहीत असतं की हा माणूस पैसे जमवून बसलाय, मनाने घर घेऊन टाकलंय, फक्त फ्लॅट बदलायचाय. असल्या गिऱ्हाईकाला कोणी सूट देत नाही.

आणि "ईओआय"च्या नावाने चेक मागणारे भेटतील. ईओआय म्हणजे एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट; म्हणतील, बुकिंग नाही हो, फक्त इंटरेस्ट दाखवायचा, रेरा नंबर पुढच्या महिन्यात येतोय. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी व्हायच्या आधी प्रोजेक्टची जाहिरात करणं, बुकिंग घेणं, लोकांना घ्यायला बोलावणं यातलं काहीच चालत नाही. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील तर नोंदणीची सक्ती नाही, बाकी सगळ्यांना आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीवर क्यूआर कोड पण छापावा लागतो, मोबाईलने स्कॅन केला की महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साईटवरचं त्या प्रोजेक्टचं पान उघडतं. कोड नसेल तर ब्रोशर घडी घालून परत द्यायचं. मला हे आमच्या काकांनी सांगितलं, तेही मी ५१ हजार खिशात घालून चप्पल घालत असताना.

दुसरी पायरी : हुकलेल्यात नेमकं काय आवडलं होतं ते कागदावर लिहा

हे लै साधं वाटतं पण मी लिहायला बसलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटात मला फक्त "सगळे घेत होते" एवढंच सुचलं. मग बायकोने विचारलं, तिथलं गार्डन आवडलं होतं का? नाही. जिम? आपण काय जिमला जाणार आहोत. मग शेवटी तीन गोष्टी निघाल्या : मेन रोडपासून चालत पाच मिनिटं, कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ७०० फुटाच्या आसपास आणि पार्किंगसकट ४५ लाखाच्या आत. बाकी क्लबहाऊस, बारा मजले, लॉबीतला झुंबर हे सगळं उगं होतं. त्या तीन गोष्टी एवढ्याच आमच्या अटी झाल्या आणि मग शोध सोपा झाला, कारण त्या अटीत बसणाऱ्या छोट्या, गाजावाजा नसलेल्या बिल्डिंगी सोलापुरात चिक्कार आहेत.

गुंतवणूक म्हणून घेताय की पोराच्या लग्नानंतर राहायला लागेल म्हणून घेताय, हे पण आत्ताच ठरवा. दोन्ही म्हणाल तर दोन्हीकडे तडजोड होते.

तिसरी पायरी : खरंच हुकलाय का ते बघा

"सोल्ड आउट" हा शब्द भिंतीवरच्या चार्टपुरता खरा असतो. महारेराच्या साईटवर बिल्डरला दर तिमाहीला माहिती भरावी लागते, त्यात किती फ्लॅट बुक झाले तो आकडा असतो. टिकल्या सत्तर आणि साईटवर बुक चाळीस, असं दिसलं तर काही फ्लॅट रेट वाढवून नंतर काढायला बाजूला ठेवलेत असं समजा, किंवा टोकन आलेत पण पुढचं काहीच झालेलं नाही.

आणि हे दुसरं महत्त्वाचं. लाँचच्या गर्दीत टोकन दिलेल्यांपैकी काहींचं लोन बसत नाही, काहींच्या घरात भांडणं होतात, कुणाचा पुण्यातला पोरगा म्हणतो बाबा सोलापुरात कशाला. महारेराचं जे नमुना अलॉटमेंट लेटर आहे त्यात रद्द करायचे टप्पे दिलेत : पंधरा दिवसात रद्द केलं तर कपात शून्य, सोळा ते तीस दिवसात १ टक्का, एकतीस ते साठ दिवसात दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. म्हणजे लोक कधी मागे सरतात हे कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं आहे. लाँचपासून चौदाव्या, एकोणतिसाव्या आणि साठाव्या दिवसाच्या आसपास सेल्सच्या पोराला फोन लावा. नुसतं "काही आलं का" विचारू नका, "पूर्वेचा टू बीएचके, दोन ते पाच मजला, परत आला तर मला पहिला फोन कर" असं ठरवून सांगा. मी सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते शेवटी.

चौथी पायरी : पर्याय म्हणजे दुसरा लाँचच असं नाही

इथं बहुतेक जण चुकतात. एक लाँच हुकला की दुसऱ्या लाँचच्या मागे पळतात. मी यादी केली तर पाच प्रकार निघाले.

त्याच बिल्डरचा दुसरा फेज, इथं बिल्डर चांगला असला तरी रेट वाढलेला असतो. त्याच भागातला दुसऱ्याचा नवा प्रोजेक्ट. तिसरा म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी गुंतवणूकवाल्याने घेतलेला आणि पझेशनच्या तोंडावर विकायला काढलेला फ्लॅट, याला बिल्डरची एनओसी (ना हरकत) लागते आणि ट्रान्सफर फी किती ते आधीच लेखी घ्या. चौथा, वापर परवाना (बिल्डिंग राहायला तयार आहे असा महापालिकेचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट. आणि पाचवा जो कोणी सांगत नाही, जागामालकाच्या वाट्याचा.

सोलापुरात बऱ्याच बिल्डिंगी जागामालकाबरोबर डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट करून होतात. मालकाला पैशाऐवजी काही फ्लॅट मिळतात. त्याला त्याची भाऊबंदकी मिटवायची असते, मुलीचं लग्न असतं, त्याला बिल्डरसारखं थांबायला परवडत नाही, मग रेटमध्ये बोलता येतं. पण नोंदणी झालेल्या डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटमध्ये कोणता फ्लॅट नंबर कुणाच्या वाट्याचा ते स्पष्ट लिहिलंय का हे वकिलाकडून तपासल्याशिवाय एक रुपया पण द्यायचा नाही. मी बघितलेल्या एका ठिकाणी तोच फ्लॅट मालकाचा पुतण्या पण विकत होता आणि बिल्डरचा माणूस पण.

(पुण्यात घ्यावं का हा प्रश्न प्रत्येक सोलापुरी घरात निघतो. महिन्यातून एकदा जाऊन बघणारं तिथं कोणी नसेल तर माझं मत नको असं आहे. वाकडचा भाडेकरू नळ गळतोय म्हणून फोन करतो तेव्हा इथून हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन वायसर बदलणार का?)

पाचवी पायरी : सगळे एका आकड्यावर आणा

प्रत्येक साईटवर रेट वेगळ्या मापात सांगतात. एक जण सुपर बिल्टअपवर, एक सेलेबलवर (दोन्हीत जिना-लॉबीचा वाटा पण धरतात), एक म्हणतो "ऑल इन्क्लुझिव्ह सर". तुमच्या वहीत एकच आकडा ठेवा : किल्ली हातात येईपर्यंत लागणारे सगळे पैसे भागिले रेराचा कार्पेट. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. तो अॅग्रीमेंटमध्ये लिहावाच लागतो.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, आजचे बाजारभाव समजू नका.

समजा अ हा पार्किंगसकट ४४ लाखाचा नवा फ्लॅट, कार्पेट ७०० फूट. ब नवा, ४७ लाख, ७२० फूट. क तयार, वापर परवान्यासकट, ४६ लाख, ७२० फूट.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखाच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण ९६८ फूट, असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. मोठ्या महानगरांसाठी ही मर्यादा ६० चौरस मीटर आहे, आपलं सोलापूर त्यात येत नाही, तेवढा एक फायदा. पण त्या ४५ लाखात पार्किंग, फ्लोअर राईज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), डेव्हलपमेंट चार्ज हे सगळं धरतात. ४४ लाखाचा फ्लॅट आणि वर २ लाख पार्किंग म्हणजे ४६, तिथं गेला की ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार. १ टक्क्यात ४५ हजाराच्या आत भागलं असतं. सेल्सवाला हे स्वतःहून सांगत नाही. वापर परवाना मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटीच नाही.

स्टॅम्प ड्युटी महापालिका हद्दीत ६ टक्के धरा, अॅग्रीमेंटची किंमत किंवा रेडी रेकनर (सरकारी दर) यातलं जे जास्त त्यावर. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर १ टक्का सूट. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजाराच्या वर नाही. मीटर, सोसायटी, मेंटेनन्सचा अॅडव्हान्स असे दीड लाख धरले.

मग अ : ४४ लाख + ४४ हजार + २ लाख ६४ हजार + ३० हजार + दीड लाख = ४८ लाख ८८ हजार, कार्पेट फुटाला साधारण ६,९८३ रुपये. ब : ४७ लाख + २ लाख ३५ हजार + २ लाख ८२ हजार + ३० हजार + दीड लाख = ५३ लाख ९७ हजार, फुटाला ७,४९६. क : ४६ लाख + २ लाख ७६ हजार + ३० हजार + रंगरंगोटी आणि एजंट मिळून १ लाख = ५० लाख ६ हजार, फुटाला ६,९५३.

चार्टवर अ आणि ब मध्ये तीन लाखाचा फरक होता, हातातून जाताना तो पाच लाखाचा झाला. आणि अ पेक्षा दोन लाखाने महाग वाटणारा क फुटाला सगळ्यात स्वस्त पडला, वर पुढच्या महिन्यापासून भाडं चालू. अ चं भाडं तीन वर्षांनी, तेही वेळेत झाला तर.

रेट खरा आहे का ते बघायचा अजून एक रस्ता आहे. नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत नंबर टाकून झालेल्या दस्तांची सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू बघता येतो. त्याच बिल्डिंगमधला फ्लॅट खरंच कितीला नोंदला गेलाय ते दिसतं. मी एका ठिकाणी हे बघून गेलो आणि सेल्सवाल्याला तीन महिन्यांपूर्वीचा आकडा सांगितला तर तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला, आणि चहा पण आला.

सहावी पायरी : तुमच्याकडून कोण घेणार?

सोलापुरातली खरी गोम इथं आहे म्हणून जरा थांबतो. भाड्यावर इथं फ्लॅटचे पैसे फिटत नाहीत. वरच्या क ला महिना ११ हजार भाडं मिळालं असं धरा. वर्षाचे १ लाख ३२ हजार, त्यातून मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ८ हजार, एक महिना रिकामा गेला ते ११ हजार, उरले ९५ हजार. पन्नास लाखावर दोन टक्के पण नाहीत. म्हणजे तुमची सगळी कमाई पुढे विकताना होणार, आणि विकताना समोर माणूस पाहिजे. तो माणूस कोण? रेल्वेचा डिव्हिजन इथं आहे, बँकवाले आहेत, सिव्हिल आणि खाजगी दवाखान्यांतले डॉक्टर-सिस्टर आहेत, टॉवेल-चादरीच्या धंद्यातली दुसरी पिढी आहे, आणि खेड्यावरनं मुलांच्या शाळेसाठी शहरात येणारे बागायतदार आहेत. यातला कुणीही १,४०० फुटाचा थ्री बीएचके गुंतवणूक म्हणून तुमच्याकडून घाईने घेणार नाही. पार्किंगवाला, लिफ्टवाला, ४५-५० लाखाच्या आतला टू बीएचके मात्र घेतो. म्हणून लाँचला उरलेला मोठा फ्लॅट "रेट चांगला आहे" म्हणून घेऊ नका.

आणि हा प्रयोग नक्की करा. ज्या भागात घ्यायचाय तिथली दोन वर्षांपूर्वी पझेशन झालेली एखादी बिल्डिंग निवडा आणि रात्री साडेआठला समोर जाऊन उभं राहा. मी होटगी रोडकडच्या एका बिल्डिंगसमोर चहाच्या गाड्यावर उभं राहून खिडक्या मोजल्या. अठ्ठेचाळीस फ्लॅट, उजेड एकोणीस. चहावाला म्हणाला, "काय मोजायलाय सर?" सांगितलं तर हसला, म्हणाला निम्मे पुण्याला हायत, दिवाळीला येऊन झाडून जातेत. म्हणजे त्या निम्म्यातले बरेच फ्लॅट कधीही विकायला निघू शकतात आणि तेव्हा तुमचा नवा फ्लॅट त्यांच्याबरोबर स्पर्धेत असणार. जुळे सोलापुरात जुन्या, वीस-बावीस फ्लॅटच्या एका साध्या बिल्डिंगला चार खिडक्या सोडून सगळीकडे उजेड होता, खाली गॅलरीत वाळत घातलेले कपडे, सायकली, पोरं. दिसायला काहीच नाही, पण माणसं राहतात.

मोठ्या बातम्यांवर पैसे लावू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत वंदे भारत आली तेव्हा रेट वाढणार म्हणाले, त्याच वर्षी जूनमध्ये विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा आता विमान आलं म्हणाले, २०२५ मध्ये गोव्याची आणि मग मुंबईची विमानं सुरू झाली, आता सुरत-चेन्नई महामार्ग म्हणतात. बातमी खरी असते, पण ती ब्रोशरवर छापून आली म्हणजे तिची किंमत रेटमध्ये आधीच घातलेली असते.

सातवी पायरी : पाणी

झुंबर बघू नका, पाण्याची टाकी बघा. चार-पाच दिवसाआड येणारं नळाचं पाणी हे आपलं जुनं दुखणं, उजनी धरण भरलेलं असलं तरी. त्यातून १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागात कुठं काय परिस्थिती आहे ते गल्लीगल्लीवर बदलतं. विचारायचं ते हे : महापालिकेचं कनेक्शन घेतलंय की "अर्ज केलाय"? जमिनीखालची टाकी किती लिटरची? माणशी १३५ लिटर धरून चार माणसांच्या घराला दिवसाला साडेपाचशे लिटर लागतात, पाच दिवसाआड पाणी असेल तर एका फ्लॅटला पावणेतीन हजार लिटर साठवण पाहिजे, चाळीस फ्लॅटला लाखाच्या वर. नकाशावरची टाकी तेवढी आहे का? बोअर किती आणि मे महिन्यात चालतो का?

उत्तरं सेल्सवाल्याकडून घेऊ नका. त्याच बिल्डरच्या जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून घ्या. मी एका केबिनमध्ये गेलो, आतमध्ये खिळ्याला टांगलेली शंभर पानी वही, तीत टँकरच्या नोंदी, तारीख, गाडी नंबर, सही. एप्रिलची पानं चाळली तर दिवसाला दोन, कधी तीन. वॉचमन म्हणाला उन्हाळ्यात येतंय की सायेब, पावसाळ्यात बंद असतंय. त्या टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, आणि मेंटेनन्स वाढला की भाडेकरू भाड्यातून तेवढं कापून मागतो. ती वही मला पूर्ण ब्रोशरपेक्षा जास्त कामाला आली.

ऊन पण बघा. आपल्याकडे मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो. सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेची बेडरूम असलेला फ्लॅट लाँचला शेवटी का उरतो त्याचं कारण दुपारी तीनला जाऊन भिंतीला हात लावला की कळतं. नाल्याच्या कडेची जागा असेल तर मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन या.

आठवी पायरी : कागद

स्वतःचा वकील लावा, बिल्डरने सुचवलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, त्यावरचा इतर हक्काचा रकाना आणि फेरफार, जमीन वर्ग दोन (विकायला सरकारी परवानगी लागते ती) आहे का, देवस्थान इनाम (देवाच्या नावाची) आहे का, एनए (बिगरशेती परवाना), महापालिकेचा बांधकाम परवाना आणि मंजूर नकाशा. परवान्याची प्रत बिल्डरकडून घेऊन थांबू नका, बांधकाम परवाना विभागात नंबर देऊन खात्री करा. गुंठेवारीतल्या (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या) जागेवरची बिल्डिंग असेल तर बँक काय म्हणते ते पहिलं विचारा.

महारेराच्या पानावर तीन गोष्टी बघा : पूर्ण करायची मूळ तारीख आणि सुधारित तारीख यातलं अंतर, कोर्टकज्जे, आणि जमिनीवर कर्जाचा बोजा. त्याच बिल्डरचे जुने प्रोजेक्ट पण तिथंच शोधा. प्रत्येकाची तारीख दोनदा पुढे गेली असेल तर तुमची पण जाणार. उशीर झाला तर व्याजासकट पैसे परत मागायचा हक्क कायद्यात आहे, पण हक्क आणि हातात आलेला चेक यात वर्षं जातात.

नववी पायरी : पैसे द्यायचं वेळापत्रक

नोंदणीकृत अॅग्रीमेंट होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायला बिल्डरला परवानगी नाही. "२० टक्के भरा, स्कीममध्ये बसतंय" म्हटलं की समजून जा. पैसे रेराच्या पानावर दिलेल्या खात्यातच भरा, त्यातले ७० टक्के त्याच प्रोजेक्टच्या जमीन आणि बांधकामासाठी वेगळे ठेवावे लागतात. रोख मागणारा असेल तर तुम्ही विकताना पण तेवढाच गोंधळ होणार.

३० ते ७५ लाखाच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते आणि स्टॅम्प ड्युटी-नोंदणी त्यात धरत नाही. वरच्या ब साठी कर्ज जास्तीत जास्त ३७ लाख ६० हजार, म्हणजे खिशातून सोळा लाखाच्या पुढे. लाँचच्या दिवशी हे कोणी सांगत नाही, म्हणूनच नंतर फ्लॅट परत येतात. दोन वेगवेगळ्या बँकांना प्रोजेक्ट मंजूर आहे का विचारा, एकाही सरकारी बँकेने केला नसेल तर का ते शोधा. बांधकाम चालू असताना प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंत भरायचं कर्जाचं नुसतं व्याज) आणि घरभाडं दोन्ही जातं, तो काळ झेपतो का ते महिन्याच्या वहीत मांडून बघा. आणि विकायचा बेत असेल तर दोन वर्षं पूर्ण होऊ द्या, त्यानंतर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, आधी विकला तर तो नफा तुमच्या पगाराच्या स्लॅबमध्ये मिसळतो.

आमचं म्हणाल तर आम्ही शेवटी जुळे सोलापुरातला चार वर्षं जुना टू बीएचके घेतला, दुसरा मजला, पूर्वेचा, वापर परवाना असलेला, बायकोच्या नावावर. लिफ्टमध्ये आरसा नाही. टाकी मी स्वतः झाकण उघडून बघितली.

आणि तो सेल्सचा पोरगा. साठाव्या दिवशी नाही, एकसष्टाव्या दिवशी त्याचा फोन आला, मी मंडईत कोथिंबीर घेत होतो. "सर, पूर्वेचा तिसरा मजला परत आलाय, पण रेट फुटाला २५० वाढलाय." आमचं रजिस्ट्रेशन आधल्या सोमवारी झालं होतं. मी त्याला दाजींचा नंबर दिला. रात्री दाजींचा फोन, "ती तुझी किल्लीपर्यंतच्या खर्चाची वही दे की जरा."